शिकवणाऱ्याला शिकवायचं कोणी? चांदवड, कोसबाड आणि आजारी मुलाची खाट



आजचा विषय एका प्रश्नाच्या रूपात मांडतो. रुग्णालयात आजारी मुलांच्या सोबतीचं काम शिकायला तरुण मुली-मुलं येतात. त्यांना हाताशी धरून शिकवणारी अनुभवी माणसं असतात. या अनुभवी माणसांना ‘शिकवायचं कसं’ हे कोण शिकवतं?

अमेरिकेत या कामाला ‘चाइल्ड लाइफ’ म्हणतात. हे काम करणारी व्यक्ती डॉक्टर नसते, नर्सही नसते. मुलाला ऑपरेशनपूर्वी काय होणार ते त्याच्या भाषेत सांगणं, खेळातून त्याची भीती बाहेर येऊ देणं, सुई टोचताना त्याच्याजवळ थांबणं, घाबरलेल्या आईबापांना धीर देणं, हे तिचं काम. त्यासाठी पदवी लागते, किमान ६०० तासांची इंटर्नशिप लागते. आणि ही इंटर्नशिप ज्यांच्या हाताखाली होते त्या पर्यवेक्षकांनाही स्वतंत्र तयारी हवी, असा विचार तिकडे आता पक्का होत चालला आहे.

आपल्याकडे हा व्यवसाय अजून फार थोड्या मोठ्या रुग्णालयांपुरता आहे. मग चांदवडला येऊन त्यावर बोलायचं कशाला? कारण यामागचा मूळ प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांना घडवायचं कसं, यावर आपल्याकडे विसाव्या शतकात फार मोठं काम झालं. आणि ज्या बाईंनी ते आयुष्यभर केलं, त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं याच गावात गेली.

त्या बाई म्हणजे अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. पुढे शिक्षण, शिक्षिकेचं प्रशिक्षण, आणि १९२९ ते १९३३ चांदवडला नोकरी. म्हणजे रंगमहालाच्या या गावात त्या आल्या तेव्हा त्यांचं वय अवघं एकोणीस होतं. नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम इथे आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये सुरू झाला होता. तिकडे मुंबईत परळला मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय १९२९ मध्येच उभं राहिलं. एकाच वर्षी एकीकडे मुलांचं स्वतंत्र रुग्णालय, आणि दुसरीकडे पुढे मुलांसाठी आयुष्य वेचणारी एक तरुण शिक्षिका. या दोघांची गाठ इतिहासात पडली नाही. ती पडली असती तर काय झालं असतं, हा आजच्या बोलण्याचा एक धागा समजा.

आता त्या काळच्या शाळेत पर्यवेक्षण म्हणजे काय होतं ते पाहू. ज्येष्ठ श्रोत्यांना ‘दिपोटी’ हा शब्द आठवत असेल. शाळा तपासणीचे डेप्युटी इन्स्पेक्टर. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, मुलांना आंघोळ घालून बसवलं जायचं, आणि मास्तरांच्या पोटात गोळा यायचा. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शाळेला मिळणारं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर ठरवायची पद्धत होती. म्हणजे तपासायला आलेला माणूस जे लिहील, त्यावर पैसा अवलंबून. अशा वेळी मास्तर आपली अडचण त्याला सांगेल का? मुळीच नाही. जे येत नाही ते झाकायचं, जे येतं ते पुढे करायचं. पुढे पद्धत बदलली, पण सवय मुरली ती मुरलीच. आपल्याकडे ‘सुपरवायझर’ म्हटलं की मनात जी व्यक्ती उभी राहते, ती या दिपोटीची नात किंवा नातू आहे, बरं का. वही तपासणारी, सही करणारी, चूक काढणारी.

याच्या उलट एक धारा आपल्याकडे वाहत आली. तिचा उगम भावनगरला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने त्यांनी मारिया मॉन्टेसरींचे विचार वाचले आणि वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत गेले. १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. १९२३ च्या सुमारास त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ताराबाई १८९२ च्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. इथे थोडं थांबू या. प्राचार्यपदावरची ही बाई बालमंदिरात येऊन पुन्हा शिकाऊ झाली. मुलांकडे बघत बसायला शिकली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि शिक्षकांना तयार करण्याचं अध्यापन मंदिर त्याच परिसरात, मुलांच्या खेळण्याच्या आवाजात चाललं. शिकाऊ शिक्षिका मुलांपासून दूर नव्हत्या, आणि त्यांना शिकवणारेही दूर नव्हते.

हीच गोष्ट पुढे बोर्डीला घडली. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात अनुताईंची ताराबाईंशी भेट झाली. चांदवड सोडल्यावर अनुताईंनी पुण्यात हुजूरपागेत अकरा वर्षं काम केलं होतं. १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू झालं, तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. अनुताई शिकवण्यात नवख्या नव्हत्या. पंधरा-सोळा वर्षांची नोकरी पाठीशी होती. पण अडीच-तीन वर्षांच्या मुलासमोर ती नोकरी फारशी कामाची नव्हती, कारण तिथे फळा नाही, धडा नाही, ‘गप्प बसा’ नाही. अनुभवी माणसाला नव्या कामात शिकाऊ करणं हे पर्यवेक्षणातलं सगळ्यात अवघड प्रकरण. त्याचा मान राखायचा, आणि सवयही मोडायची.

ताराबाईंनी हे कसं साधलं? आम्हाला यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, दोघी एकत्र कामाला उतरल्या. बोर्डीत मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात न्यायचं ठरलं. अंगणवाडी ही कल्पना आणि हा शब्द यातूनच आला. वस्तीत जायचं, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. यात मोठी बाई सूचना देतेय आणि धाकटी राबतेय, असं नव्हतं.

दुसरी गोष्ट साधनांची. मॉन्टेसरींची साधनं सुंदर, पण महाग. त्यांच्या जागी पानं, बिया, शंख-शिंपले, काड्या, दगड आले. शिकाऊ बालसेविकेच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तिला साधनाची नक्कल करून चालणार नव्हतं. या ठोकळ्यातून मूल काय शिकतं, ते समजलं तरच ठोकळ्याच्या जागी बी ठेवता येते. म्हणजे ‘असं कर’ इतकं सांगून भागत नाही, ‘असं का’ हे उघड करून सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट, काम पुढच्या हाती जाऊ देणं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी तिथे झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. बालसेविका तयार होत राहिल्या. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. काम थांबलं नाही. अनुताईंनी ते पेललं, आणि १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल उभं केलं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, कामाने त्याआधीच पुढची पिढी गाठली होती. गिजुभाई ते ताराबाई, ताराबाई ते अनुताई, अनुताई ते पुढची मंडळी. ही गुरुशिष्यपरंपरा आहे, पण गादीची नव्हे. प्रत्येकाने मागच्याचं काम बदललं.

मग याच कल्पनेला सरकारने हात लावला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अंगणवाडी सेविकेला मार्गदर्शन करण्यासाठी वर मुख्यसेविका आली. तिच्याकडे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या. कागदावर ती मार्गदर्शक आहे. पण प्रत्यक्षात तिचा दिवस कसा जातो ते सभागृहातल्या ताईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत. रजिस्टरं, आहाराचा हिशोब, वजनाचे तक्ते, बैठका, आणि आता मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. एका अंगणवाडीत बसून सेविका मुलांशी कशी बोलते ते तासभर बघावं, एवढी सवड कुठून काढायची? यात मुख्यसेविकेचा दोष नाही. तिला ताराबाईंचं काम दिलं, आणि हातात वही दिली दिपोटीची.

आता आपण रुग्णालयाकडे वळू. वाट तीच आहे, कारण चाइल्ड लाइफचं मूळसुद्धा मॉन्टेसरींच्या अंगणातलं आहे. एमा प्लँक नावाच्या बाई व्हिएन्नाच्या, मॉन्टेसरी पद्धतीत तयार झालेल्या. नाझींच्या काळात, १९३८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. १९५५ मध्ये क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलात मुलांच्या आयुष्याचा आणि शिक्षणाचा विभाग त्यांनी सुरू केला. त्यांना बोलावणारे डॉक्टर होते फ्रेडरिक रॉबिन्स. पोलिओच्या विषाणूवरील कामासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले. मोठ्या शास्त्रज्ञाला कळलं होतं, की विषाणू ओळखणं ही एक गोष्ट आहे, आणि महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या मुलाचं बालपण जपणं ही दुसरी.

इंग्लंडमध्ये तेव्हा मुलाला भरती केलं की आईबापांना भेटीच्या थोड्याच वेळा मिळत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचं रुग्णालयातलं वास्तव्य चित्रपटात टिपलं, आणि तिचं एकटेपण पाहून वैद्यकीय जग हललं. १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईबापांना मुलाजवळ येऊ द्या असं सांगितलं. आपल्याकडे हा प्रश्न तसा नव्हता. आपल्या सरकारी दवाखान्यात आई खाटेवर नाहीतर खाटेखाली असतेच. आपली अडचण वेगळी. आई जवळ आहे, पण काय होणार आहे ते आईलाही कोणी सांगितलेलं नाही. आणि घरी वर्षानुवर्षं मुलाला धाक घातलाय, ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील!’ मुलासाठी दवाखाना म्हणजे शिक्षेची जागा. आमच्या मते आपल्याकडच्या चाइल्ड लाइफची सुरुवात या वाक्यापासून व्हायला हवी.

रुग्णालयातलं काम आणि पर्यवेक्षण यांचा मेळ आपल्या मातीत बसू शकतो का? बसला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचा श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, इथपर्यंत त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचं ठरलं. सगळे लोक तो ६२ चा आकडा सांगतात. आम्हाला त्याच्या शेजारची एक साधी बाब महत्त्वाची वाटते. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर पर्यवेक्षक गावात जात, काम बघत, नोंदी पाहत, चुकलेलं दुरुस्त करत. प्रशिक्षण शिबिरात संपलं नव्हतं, ते दर पंधरवड्याला दारात येत होतं. योजना मोठी झाली की शिबिर टिकतं, पुस्तिका टिकते, आणि पहिल्यांदा गळतो तो हा पंधरवडा.

आता थोडं आमच्या विषयाचं बोलू. गिल्बर्ट राइल या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात दोन प्रकारचं जाणणं वेगळं केलं. एक, अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणं. दुसरं, अमुक गोष्ट कशी करायची हे जाणणं. भाकरीचंच घ्या. उत्तम भाकरी थापणाऱ्या आजीला विचारा, ‘पाणी किती घालू?’ ती म्हणणार, ‘अंदाजानं घाल गं.’ तिला करता येतं, सांगता येत नाही. त्यात कमीपणा काही नाही. पण नातीला शिकवायचं तर तिसरंच कौशल्य लागतं. आपल्या हातातलं ज्ञान हळू करून दाखवायचं, त्याला शब्द द्यायचे, आणि नातीची भाकरी मोडली तरी परात हिसकावून घ्यायची नाही. वीस वर्षं वॉर्डात उत्तम काम केलेली सिस्टर आपोआप उत्तम मार्गदर्शक होते, हे गृहीतक इथेच मोडतं.

एक उदाहरण कल्पून पाहू. सहा वर्षांच्या मुलाला सलाईन लावायचं आहे. शिकाऊ मुलगी जवळ आहे. मूल रडायला लागतं आणि ती पटकन म्हणते, ‘काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल फक्त.’ सुई लागते, चांगली दुखते. दुसऱ्या दिवशी ते मूल तिच्याकडे बघायलाही तयार नाही.

पर्यवेक्षिका काय करेल? एक तऱ्हा अशी, की आईच्या समोर, मुलाच्या समोर, ‘असं सांगतात का? हेच शिकलीस?’ झाली तपासणी. मुलगी उद्यापासून पर्यवेक्षिका असताना तोंड उघडणार नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे संध्याकाळी पाठीवर हात ठेवून ‘छान केलंस हं, होईल सवय’ म्हणणं. हे गोड वाटतं. पण नीट पाहा, पर्यवेक्षिकेने आता शिकाऊ मुलीला तेच केलं जे त्या मुलीने मुलाला केलं होतं. दुखणारी गोष्ट दुखणार नाही असं सांगितलं. ‘छान केलंस’ ही पर्यवेक्षिकेची मुंगी आहे!

तिसरी तऱ्हा अवघड आहे. काम संपल्यावर बाजूला बसून विचारायचं, ‘तू ते वाक्य म्हणालीस तेव्हा तो कुठे बघत होता? आणि तुला स्वतःला काय होत होतं?’ बहुधा मुलगी थोड्या वेळाने म्हणेल, ‘मला त्याचं रडणं सहन होईना.’ इथे शिक्षण सुरू होतं. ते खोटं मुलासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, हे तिचं तिला दिसतं. मग दोघींनी मिळून शोधायचं, की खरं कसं सांगता आलं असतं. ‘दुखेल, थोडा वेळ दुखेल, मी इथेच आहे, तुला हात धरायचाय का माझा?’ आधी बाहुलीला सलाईन लावू द्यायचं, मग त्याला. आणि पुढच्या वेळी पर्यवेक्षिकेने शेजारी उभं राहायचं, पण बोलायचं त्या मुलीने.

लहान मुलाशी जसं वागावं अशी आपली अपेक्षा आहे, तसंच शिकाऊ मुलीशी वागलं गेलं पाहिजे. सत्य सांगायचं, पण धीर देऊन. मदत करायची, पण काम हिसकावून न घेता. आणि साखळी इथे संपत नाही. पर्यवेक्षिकेलाही असं वागवणारं कोणी तरी वर असायला हवं. तिलाही बसून विचारणारं कोणी हवं, विशेषतः वॉर्डातलं एखादं मूल दगावतं त्या दिवशी. त्या दिवशी शिकाऊ मुलगी रडते, सगळे तिला समजावतात. पर्यवेक्षिकेने रडायचं कुठे?

कोणी म्हणेल, मग तपासणी नकोच का? हवी. आजारी मुलाच्या जवळ अर्धवट तयार माणूस सोडणं हा मुलावर अन्याय आहे, आणि कोणी तरी ‘ही अजून तयार नाही’ असं म्हणायलाच हवं. अडचण तेव्हा होते, जेव्हा गुण देणारी आणि गुपित ऐकणारी व्यक्ती एकच असते आणि ती कुठल्या क्षणी कोणत्या भूमिकेत आहे ते कळत नाही. यावर साधा उपाय म्हणजे आधीच सांगणं. ‘आज मी फक्त बघायला आणि बोलायला आले आहे. मूल्यमापन महिनाअखेरीला, आणि ते या या मुद्द्यांवर.’ दिपोटीने हे कधी सांगितलं नाही. म्हणून त्याच्यासमोर शाळा नेहमी सारवलेलीच राहिली.

पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणात काय असावं, असं विचाराल तर आम्ही मोठा अभ्यासक्रम सांगणार नाही. बोलण्याआधी बघायला शिकणं. आपण जे सवयीने करतो त्याला शब्द देणं. जबाबदारी पायरीपायरीने सोडणं, म्हणजे आधी तू बघ, मग दोघी करू, मग तू कर आणि मी जवळ आहे. चूक कधी, कुठे, कोणासमोर सांगायची याचा सराव, तोही एकमेकींवर. आणि यासाठी नोकरीच्या वेळात राखून ठेवलेले तास. शेवटचं मिळालं नाही तर आधीचं सगळं भाषण ठरतं, आमच्या या भाषणासारखंच.

चांदवडपुरतं बोलायचं तर इथे रुग्णालय आहे, अंगणवाड्या आहेत, महाविद्यालयं आहेत. अनुताई या गावातून गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ बालशिक्षणाचं कसलंही नाव नव्हतं. त्या एक साध्या शिक्षिका होत्या, ज्यांना बारा वर्षांनी एक चांगली पर्यवेक्षिका भेटली. अशा किती जणी आज आपल्या तालुक्यात काम करत असतील, आणि त्यांना वही तपासणारे भेटतात की सोबत बसणारे, हे आपण मोजलं तर बरं होईल. मुलांचं वजन आपण दर महिन्याला मोजतोच.

इथे थांबतो. सभागृहात सिस्टर आहेत, मुख्यसेविका ताई आहेत, शिक्षक आहेत. आमच्यापेक्षा तुमचा अनुभव ताजा आहे, तेव्हा प्रश्नांसोबत तोही सांगा.